तिवरबेटाचा बोगदा आणि विहीणबाईंची सुकती

चांगुणाबाई,

हे पत्र समजू नका. पत्र म्हटले की मी त्याची पोच मागतो. पोच आली नाही तर स्मरणपत्र पाठवतो, आणि त्यालाही उत्तर आले नाही तर वरच्या कार्यालयाला प्रत लावतो. तुमच्या बाबतीत वरचे कार्यालय कोणते, हे मला ठाऊक नाही. ठाऊक असते, तर तुम्हाला इतक्या तडकाफडकी बोलावून घेतल्याबद्दल माझी खरमरीत हरकत तिथे केव्हाच दाखल झाली असती. नोटीस नाही, मुदत नाही, बाजू ऐकून घेणे नाही. कोणत्या कायद्यात बसते हे?

तेव्हा हे नुसते बोलणे समजा. तुमच्या ओटीवर बसून इतकी वर्षे बोललो, तसेच. फरक एवढाच, की माझे वाक्य अर्ध्यात तोडून "व्हय, व्हय, पन आधी चा घ्या" असे म्हणायला समोर तुम्ही नाही. त्यामुळे माझी वाक्ये आता पूर्ण होतात. ती पूर्ण झालेली मला मुळीच आवडत नाहीत.

पण सांगायची गोष्ट आनंदाची आहे. तुमच्या बेटावर जनसुनावणी झाली. आणि ती अशी काही झाली, की चाळीस वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने, पेणच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने, परतीच्या लाँचमध्ये चारचौघांत मोठमोठ्याने हसून घेतले. सूनबाई घाबरून विचारू लागली, "बाबा, बरं वाटतंय ना?"

बरे वाटत होते. फार बरे वाटत होते. का, ते सांगतो. पण क्रमाने सांगू द्या. मला क्रम सोडून बोलता येत नाही, आणि तुम्हाला क्रमाने ऐकता येत नव्हते.

माझा नितीन आणि तुमची दर्शना यांनी पेणच्या कॉलेजात आपापसांत ठरवून आपल्याला थेट निकाल कळवला, तेव्हा अपिलाला जागाच ठेवली नव्हती. आम्ही जित्याजवळच्या खेड्यातले भातशेतीवाले. आमच्या घराण्यात समुद्र म्हणजे बांध फोडून शेतात खारे पाणी घुसवणारा, ज्याच्याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करायचे असा इसम. तुम्ही तिवरबेटाच्या, खाडीच्या मुखाशी, चहूबाजूंनी पाण्यात, मासळीवर संसार केलेल्या. लग्न मुलीच्या दारी ठरले. मुहूर्त दुपारी तीनचा होता. वऱ्हाडाने पेणहून किती वाजता निघावे, असे मी फोनवर रीतसर विचारले. तुम्ही म्हणालात, "जेवून निघा."

जेवून निघालो. धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा पाणी होते. बेटावरचा मांडव दिसू लागला, ताशाचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि लाँच जी थांबली ती थांबलीच. खाली चिखल, समोर चिखल, आणि लाँचवाला निवांतपणे विडी पेटवत म्हणाला, "सुकती लागली." ओहोटीला सुकती म्हणतात हे मला त्या दिवशी कळले. नव्या कपड्यांतले वऱ्हाड गुडघाभर चिखलातून चालत निघाले. माझ्या पत्नीने शालू सावरला, नवरदेवाने मुंडावळ्या सावरल्या, आणि माझा एक बूट त्या चिखलात रुतला तो आजतागायत मला परत मिळालेला नाही. समोरून तुम्ही आलात. हिरवे नवे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, थेट चिखलात उतरलात आणि साऱ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "या याहीबुवा, या! पाय धुवायचा मान आमचा. मंग पाय मळल्याबिगर धुवायचं काय?"

सारे बेट हसले. मी हसलो नाही. लाँचवाल्याविरुद्धच्या तक्रारीचा मजकूर मी मनात जुळवत होतो. दुसऱ्या दिवशी ती तक्रार गेलीही. त्या तक्रारीला उत्तर नाही, म्हणून त्या लाँचवाल्याशी मी परवापरवापर्यंत धड बोललो नव्हतो.

लग्न लागले, पंगती उठल्या, तरी परतायला पाणी नव्हते. म्हणून मी तुमच्या ओटीवर बसलो. तुम्ही पानाचे तबक घेऊन समोर टेकलात आणि आपले पहिले भांडण झाले. समुद्र कोणाचा, हा विषय. मी म्हटले, कायद्याने सरकारचा. तुम्ही सुपारी कातरता कातरता विचारलेत, "सरकारनं जालं कवा टाकलं?" पाणी भरून लाँच हलेपर्यंत मी तुम्हाला किनारपट्टीचा कायदा समजावत होतो, आणि तुम्ही मला कायद्याची किनारपट्टी दाखवत होतात. व्याही-विहिणीत लोक मानपानावरून भांडतात. आपण वहिवाटीच्या हक्कावरून भांडलो. मला आठवते, त्या रात्री घरी पोचल्यावर मी पत्नीला म्हणालो होतो, "बाई फार उद्धट आहे." ती म्हणाली, "मग इतके तास बोलत काय बसला होतात?"

उत्तर द्यायला मला सुचले नव्हते. अजूनही पुरते सुचलेले नाही. हे एक राहून गेलेले.

नितीन पुढे धाटावच्या कंपनीत लागला, रोह्याजवळ वरशाला बिऱ्हाड झाले, सई जन्मली. नात झाल्याची बातमी तुम्हाला सकाळीच कळली होती, आणि तुम्ही डिंकाचे लाडू बांधून धक्क्यावर तयार होतात. पण पाणी गेलेले. तुम्ही पेणला उतरलात तेव्हा रोह्याची गाडी गेलेली. वरशाला पोचलात दुसऱ्या दिवशी. दारात पाय ठेवताच म्हणालात, "आजीला उशीर झाला गो बाय, चांद जरा वाकडा व्हता." पाळण्यातल्या त्या एवढ्याशा जिवापुढे तुम्ही चंद्राची बाजू मांडत होतात. मी असतो, तर चंद्रावर दावा लावला असता.

मग हे बोगद्याचे प्रकरण आले.

तुम्हाला ठाऊक आहे, तरी क्रमासाठी थोडक्यात सांगतो. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे पाणी खोल आहे, तिथे मोठी गोदी व्हायची आहे. गोदीतला माल हमरस्त्याला लावायचा तर मध्ये खाडीचे मुख. पूल घालावा तर खालून बार्ज जातात. म्हणून समुद्राच्या तळाखालून बोगदा: एक तोंड बेटावर, एक पेणच्या बाजूला. रंगीत नकाशे आले. नकाशात बेटावर झाडे होती, दिवे होते, गोऱ्या रंगाची माणसे फिरत होती. घरे नव्हती. आणि नियमांच्या यादीत लिहिले होते की बोगदा केवळ चारचाकी व जड वाहनांसाठी. पायी चालणारे, दुचाकी आणि डोक्यावरून मालाची ने-आण यांना मनाई. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत: बोगदा सुरू झाल्यावर प्रवासी लाँच बंद होईल.

बेटावर चारचाकी एकही नाही. म्हणजे ज्या दिवशी बेट जमिनीला जोडले जाणार, त्याच दिवशी बेटावरच्या माणसाची बेटाबाहेर पडायची वाट बंद होणार होती. इतके शुद्ध, निर्भेळ, कागदोपत्री मूर्खपण माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या पाहण्यात आले नव्हते, आणि मी नोकरीत पुष्कळ पाहिले.

मी ते सारे तुम्हाला वाचून दाखवले. तुम्ही कोळंबी सोलत होतात. सोलता सोलता म्हणालात, "म्हंजे रस्ता आमच्या दारातून जानार, नि आमी दारात उभं ऱ्हावून कंटेनर मोजायचं? आमी कसा जावाचा? कंटेनरमदी बसून?"

मी चेवाने म्हटले, "म्हणूनच सांगतो, बोगदाच नको. आपण हरकत घेऊ."

आणि तुम्ही कोळंबी खाली ठेवलीत. "बोगदा नको कोन बोललं? मना बोगदा पायजे, याहीबुवा."

माझ्या आयुष्यात पक्षकार असा उलटलेला मी दुसरा पाहिला नाही. तुमचे म्हणणे तुम्ही एका दमात मांडलेत, ते मी जसेच्या तसे लक्षात ठेवले आहे: "सकाळी पाटी घेऊन पेनच्या बाजारात बसायचं. दुपारी वरशाला जावून नातीच्या हातचा चा प्यायचा. नि रातीला आपल्या घरात येऊन झोपायचं. एवढाच बोगदा पायजे मना. त्यांचा केवढा बी असंल तो असूंदे."

एवढीच तुमची मागणी होती. बोगद्यातून एक बस, त्या बसमध्ये मासळीची पाटी घेऊन चढायची मुभा, आणि ती बस सुरू होईपर्यंत लाँच चालू. मागणी ऐकायला सोपी आहे. परंतु मासळीची पाटी पाहिली की बसचा दरवाजा कसा चटकन बंद होतो, हे पेणच्या बाजारात बसणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

त्यावर आपण जे भांडलो ते अजून मिटलेले नाही. मी म्हणत होतो की बोगदा झाला की बेट हे बेट राहणार नाही. माणसे येतील, जमिनी जातील, तिवरे जातील. यातले एक अक्षर मी आजही मागे घेत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुमाला बेट बघायला आवडतं. मना बेटावरनं निघायला आवडतं." मी म्हटले, हा युक्तिवाद नव्हे. तुम्ही म्हणालात, "नाय. ह्यो अनुभव हाय. तुमचा कायदा कोरड्या पायांचा हाय."

मी रागावून उठलो. पाणी नव्हते. पुन्हा बसलो. तुम्ही कालवण वाढलेत.

पेणला पहिली जनसुनावणी लागली ती सकाळची, आणि नेमकी संकष्टी चतुर्थीला. चतुर्थीच्या सकाळी तुमच्या बेटाभोवती पाण्याऐवजी चिखल असतो, हे बेटावरच्या शेंबड्या मुलालाही कळते. कार्यालयाला कळत नाही, कारण कार्यालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ असते, पाण्याची नसते. सभागृहात आम्ही मोजकी माणसे. त्यांतली निम्मी जमिनीचे दलाल. उपवासामुळे अध्यक्षांनाही घाई. भराभर कागद उरकून ते सांगू लागले, "बेटावरील ग्रामस्थ संधी देऊनही गैरहजर."

मी उभा राहिलो. मी काय बोललो ते शब्दशः येथे देणे उचित नाही. दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल नाही, या तत्त्वापासून मी सुरुवात केली आणि त्यांच्या कॅलेंडरापर्यंत येऊन पोचलो. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, "आपण बेटाचे रहिवासी आहात का?"

"नाही."

"जमीनधारक? मच्छीमार?"

"मी बेटाचा व्याही आहे!" मी ओरडलो.

सभागृह हसले. अध्यक्ष म्हणाले, "कायद्यात व्याही असा पक्षकार नसतो, साहेब." आणि दुर्दैवाने ते बरोबर होते. नसतो.

हा सारा वृत्तांत मी संध्याकाळी फोनवर संतापाने सांगत असताना तुम्ही हसून हसून फोन जावेच्या हातात दिलात, आणि तीही हसत सुटली. पुढचे कितीतरी दिवस बेटावरून पेणच्या बाजारात येणाऱ्या बायका मला वाटेत अडवून म्हणायच्या, "काय बेटाचं याही, बरं हाव ना?" माझ्या उभ्या नोकरीत मला मिळाली नाही अशी पदवी तुम्ही मला एका फोनवर मिळवून दिलीत.

मग मी लिहीत सुटलो. तुम्हाला माहीत आहे मी कसा लिहितो. बाजू न ऐकता सुनावणी झाली असे मानता येणार नाही. ऐकायचे तर जिथे माणसे आहेत तिथे ऐका. आणि वेळ ठेवाल ती पाण्याला विचारून ठेवा. शेवटी कार्यालय माझ्या पत्रांना कंटाळले असावे. जनसुनावणी बेटावरच घेण्याचे त्यांनी मान्य केले, आणि पाण्याच्या दृष्टीने सोयीचा दिवस व वेळ आपणच सुचवावी, असे मला कळवले.

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही क्षणभरही विचार केला नाहीत. "शुद्ध बारशीला ठेवा. सकाळी दहाच्या सुमाराला बोलवा. साहेब लोकांची लाँच थेट धक्क्याला लागंल, बुटाला पानी लागायचं नाय." मी द्वादशीची तारीख काढली आणि कळवून टाकली. तुम्ही विचारलेत, "तुमी काय बोलनार?" मी म्हटले, चौदा मुद्दे आहेत. तुम्ही म्हणालात, "चवदा? मंग मी एकच बोलते. तुमचं झाल्यावर."

ते बोलणे राहिले.

वद्य दशमीला तुम्ही वरशाला, लेकीच्या घरी होतात. सकाळी सईची वेणी घातलीत, चहा मागितलात, आणि चहा येईपर्यंत थांबला नाहीत. याहून अधिक मी लिहीत नाही. लिहिता येत नाही असे नव्हे, लिहायचे नाही.

दुपारी तुम्हाला घेऊन आम्ही धक्क्यावर आलो, तेव्हा पाणी नव्हते. वाट पाहणे मला आयुष्यात कधी जमले नाही. रांगेत मी भांडतो, खिडकीवर मी टकटक करतो. त्या दुपारी मात्र मी धक्क्याच्या दगडावर तुमच्या शेजारी बसून होतो, आणि चिखलाच्या कडेकडेने पाण्याची पहिली रेघ चढताना दिसली तेव्हा मनात आले की अजून थोडे थांबावे हिने. इतक्या वर्षांत प्रथमच मला भरती नको होती. दर्शना माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, आई म्हणायची, पाण्याला घाई करायची नाही आणि पाण्याला थांबवायचंही नाही." मग लाँच हलली. बेटावरच्या साऱ्या होड्या त्या दिवशी धक्क्याला बांधलेल्या होत्या.

तेरावे झाले. द्वादशी आली. मला जायचे नव्हते. दर्शना म्हणाली, "आईने वेळ दिलेली आहे."

गेलो. आणि आता ऐका.

तुम्ही म्हणाला होतात तसेच झाले. साहेबांची लाँच थेट धक्क्याला लागली. बुटाला थेंब लागला नाही. शाळेपुढे मांडव, सारे बेट हजर. अध्यक्ष तेच. त्यांनी प्रास्ताविक केले, प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतील असे सांगितले, आणि जेवायला पेणला पोचायचे असल्यामुळे सर्वांनी सहकार्य करावे अशी विनंती केली. पहिली काही माणसे बोलली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "आता आवरतं घेऊ या," ते म्हणाले, "राहिलेल्यांनी लेखी द्यावं."

मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला लाँचवाला म्हणाला, "कुटं आवरता, साहेब? लाँच बसली."

"बसली म्हणजे?"

"चिखलात. सुकती लागली न्हवं. आता दिवेलागणीला उठंल."

मग मागच्या बाजूला एक बाई फस्सकन हसली, आणि ते हसू पुढे पुढे सरकत गेले, जसे पाणी सरकते. अध्यक्ष उठून कडेपर्यंत गेले. जिथून ते उतरले होते तिथे आता खेकडे फिरत होते. ते परत आले, खुर्चीत बसले, आणि कोट काढून खुर्चीला लावला. त्यानंतर तीन मिनिटांचा विषय कोणी काढला नाही.

काय सुनावणी झाली म्हणून सांगू, चांगुणाबाई! ज्याला जे बोलायचे ते तो बोलला, आणि ज्याला नव्हते बोलायचे तोही बोलला. म्हातारे बोलले. नव्या सुना बोलल्या. एक गृहस्थ बोगदा सोडून आपल्या मेव्हण्याविषयी बराच वेळ बोलले, तेही ऐकून घेण्यात आले. दुपारी तुमच्या जाऊबाई, भागीबाई, यांनी सर्वांना पंगतीला बसवले. चिंबोऱ्यांचे कालवण आणि तांदळाच्या भाकरी. अध्यक्षांचा आदल्या दिवशी एकादशीचा उपवास होता, हे त्यांच्या जेवण्यावरून सर्वांच्या लक्षात आले. मी नेलेले पेणचे पोह्याचे पापड भाजून वाढले. तुम्ही ते नेहमी "कोरड्या देशाचं मासं" म्हणत असा, ते भागीबाईंनी सर्वांना सांगितले.

जेवणानंतर बोगद्याचे एक तरुण अभियंते नकाशा उलगडून हवा खेळवण्याची यंत्रणा समजावत होते. भागीबाईंनी ओल्या मासळीची भरलेली पाटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "उचला, सायेब."

"कशाला?"

"उचला त खरं. डोईवर घ्या."

बिचाऱ्याने घेतली. पाटीतले पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावरून ओघळत खाली आले. भागीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता असंच जावून बशीत चढा. घेतात काय बघू." सारा मांडव लोटपोट. पोरगा गोरामोरा झाला, पण गुणाचा, पाटी उतरवून त्याने पेन्सिल काढली आणि भागीबाईंना विचारले, "पाटी किती रुंद असते? बसमध्ये कुठं ठेवली तर चालेल?" मग तो आणि बेटावरच्या चार बायका जमिनीवर बसून नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला बस काढू लागल्या. मागच्या दाराने चढायचे, खाली पाणी वाहून जायला पन्हळ, आणि बायकांना बसायला बाक. त्या बसला खिडक्या किती असाव्यात यावरून त्यांच्यात भांडण लागले. बोगद्यात बघायचे काय, असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, "बघायला नाय, वारा यायला."

शेवटी माझे नाव पुकारले. मी चौदा मुद्दे घेऊन उभा राहिलो. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, ओळखले, आणि काही विचारण्याआधीच साऱ्या बायका एका आवाजात ओरडल्या, "ते आमचं याही हात!"

अध्यक्ष हसले आणि लेखनिकाला म्हणाले, "लिहा. बेटाचे व्याही."

कायद्यात नसलेला पक्षकार त्या दिवशी इतिवृत्तात गेला, विहीणबाई.

मी कागदाकडे पाहिले. मग मला तुमचे वाक्य आठवले, की तुमचे चवदा झाल्यावर मी एकच बोलते. मी चौदा मुद्द्यांची घडी घातली, खिशात ठेवली, आणि तुमचे एकच बोललो. तुमच्याच बोलीत: "आमी कसा जावाचा? कंटेनरमदी बसून?" माझ्या तोंडून ती बोली इतकी विचित्र वाजली की साऱ्या बेटाला हसू आवरेना; भागीबाईंनी पदराने डोळे पुसले, ते हसून की कशाने, हे मी पाहिले नाही. मग मी माझ्या भाषेत मागणी सांगितली: बोगद्यातून बस, बसमध्ये पाटी, आणि बस धावेपर्यंत लाँच. आणि खाली बसलो. चौदा मुद्दे मी नंतर लेखी दिले. मी काही अगदीच बदललेलो नाही.

अध्यक्षांनी ती मागणी लेखनिकाला सावकाश सांगून लिहवून घेतली, सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि ही शिफारस आपण स्वतः करू असे सांगून खाली सही केली. पुढे ते होईल की नाही, मला माहीत नाही. होत नाही असे दिसले तर त्यांना पत्रे जातील. मी अजून इथेच आहे, आणि टपाल चालू आहे.

दिवे लागायच्या वेळेला पाणी आले. साहेब लोक बूट हातात घेऊन, पँटी दुमडून, लाँचकडे निघाले, कारण सकाळी त्यांना उतरवून लाँच धक्क्यापासून थोडी दूर नांगरली होती आणि ती तिथेच उठली होती. मी त्यांच्या मागे उभा राहून भागीबाईंना म्हणालो, "कार्यालयाला सकाळची वेळ कळवताना पाणी मध्येच जाईल हे माझ्या लक्षातच आले नाही. बरे झाले, फळले."

भागीबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जसे तुम्ही पाहायचात. "अवो, चांगुणानं दिल्याली वेळ ती. तिला काय ठाव नव्हतं पानी कवा जातंय? बारशीला सकाळी आलेला मानूस दिवेलागणीबिगर जात नाय."

त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या वऱ्हाडाला बी तिनंच बारस दिलीती. नि जेवून निघा बोललीती. मी इचारलं, गो, चिखलात उतरवतंस काय सोयऱ्यांना? त बोलली, याही कोर्टातला हाय. पान्याबरोबर आला तर पान्याबरोबर जाईल. बसवायचा असंल तर सुकतीला आनावा लागंल."

हसू आले ते तिथे नव्हे. लाँच पाण्यावर सरळ झाल्यावर आले, आणि मग थांबेना.

इतकी वर्षे मी त्या लाँचवाल्याला दोषी धरले. परवा त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि तक्रार मागे घेतली. त्याला ती आठवतही नव्हती. पण बूट आठवत होता. आणि घरी येऊन पत्नीला तिच्या त्या जुन्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. इतके तास बोलत का बसलो होतो? पाणी नव्हते म्हणून. उरलेले अर्धे ती समजली असावी, कारण तिने चहा ठेवला.

आपले भांडण मिटलेले नाही, हे मात्र लक्षात ठेवा. बोगदा झाला की बेटावर येणारा प्रत्येक माणूस कोरड्या पायांनी येईल, त्याला वाटेल तेव्हा येईल आणि वाटेल तेव्हा जाईल. मग तुम्ही कोणाला कसे बसवून घेतले असते? याचे उत्तर तुम्हाला देता आले नसते, असे मी म्हणणार होतो. पण तुम्ही काहीतरी उत्तर काढलेच असते. ते ऐकायला मिळाले नाही, एवढीच माझी खरी तक्रार, आणि ती दाखल करून घेणारे कार्यालय नाही.

पुढच्या आठवड्यात वद्य दशमी. तुमचे पहिले मासिक. काल वरशाहून दर्शनाचा फोन आला. नितीनने शिफ्ट बदलून घेतली आहे, सईला शाळेला सुटी आहे, पेणहून सगळे मिळून बेटावर जायचे. सकाळची लाँच धरली तर पाणी असेल, दुपारपर्यंत आटोपून... ती सांगत होती, आणि मग तिने विचारले, "बाबा, किती वाजता निघायचं?"

मी म्हटले, "जेवून निघू."